तिथं माणसं होती, इथं कोण आहे?

 

आम्ही सावली तालुक्यातल्या एका लहान गावच्या बाया. आमच्या गावापासून वैनगंगा जवळ. अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पलीकडे १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्याकडे १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या बंदीसाठी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत बाया पायी गेल्या होत्या, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. दुकान बंद करायसाठी काय करावं लागते, हे आपल्या भागातल्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही. मोर्चा, निवेदन, ग्रामसभेचा ठराव, सगळं आपण केलं.

पण आज आम्ही दुकानाबद्दल बोलणार नाही. घरातल्या माणसानं दारू सोडली, तर सोडल्यानंतर त्यानं बसायचं कुठं, एवढ्या एकाच गोष्टीवर आज बोलू. कारण ह्या गोष्टीत आम्ही चुकलो होतो.

आमच्या गावातला एक भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढं कळेल. त्याची बायको आमच्या गटात आहे. महिनाभर उपचार घेऊन तो घरी आला तेव्हा चेहरा उजळला होता, हात थरथरत नव्हते, पोरीच्या वह्यांवर स्वतः कव्हर घालून दिले. आम्हाला केवढा आनंद झाला! पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झाल्यावर आम्ही गटाच्या वतीनं त्याचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, माइकवरून सांगितलं की हा आता गावाचा आदर्श आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मान खाली घालून उभा होता. आम्हाला वाटलं, लाजतो आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्यायला. चार दिवस घरी आला नाही. शेतावरच्या झोपडीत पडून राहिला. बायको भाताचा डबा घेऊन गेली, तर तोंडावर दुपट्टा घेऊन म्हणाला, "तिथं माणसं होती. संध्याकाळ झाली का गोल करून बसत होतो. जो तो आपलं सांगे. इथं कोण आहे? तुम्ही सगळे मले पाहता, पण माझ्यासंगं बसत कोणी नाही."

तिनं हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा आम्ही गप्प झालो. खरंच होतं ते. सत्कार करून आम्ही त्याला सगळ्या गावाच्या नजरेत उभं केलं होतं. पाय घसरला तर सांगायला एकही माणूस ठेवला नव्हता, आणि वरून तोंड दाखवायची जागाही ठेवली नव्हती. तेव्हापासून आम्ही ठरवलं, की आता सत्कार नाही. आता बसायची जागा शोधायची.

ही बसायची जागा म्हणजे काय? दारूतून बाहेर पडलेल्या किंवा पडू पाहणाऱ्या माणसांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसायचं. तिथं कोणी डॉक्टर नसतो, कोणी साहेब नसतो, कोणी भाषण देत नाही. एकेकजण स्वतःचं सांगतो. मी कसा प्यायचो, काय गमावलं, आजचा दिवस कसा निभावला. बाकीचे ऐकतात. मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत. तास-दीड तासात सभा संपते, चहा होतो, माणसं घरी जातात. पुढच्या आठवड्यात परत येतात.

ऐकायला फार साधं वाटते. आमच्यातल्या एकीनं विचारलंच, "बेवड्यानं बेवड्याले सांगून काय होणार बाप्पा?" त्याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी बिल नावाचा एक माणूस धंद्याच्या कामासाठी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्यानं दारू सोडलेली. काम बिघडलं, परका गाव, हॉटेलात एकटा, आणि समोरच बार. आता आपण पिणार, हे त्याला कळलं. त्यानं चर्चच्या माणसांना फोन लावले आणि विचारलं, इथं माझ्यासारखा कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्याला एक डॉक्टर भेटला, बॉब नावाचा, तोही पक्का पिणारा. दोघं तासन् तास बोलत बसले. बिल त्या दिवशी प्यायला नाही. डॉक्टरनं १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ह्या संघटनेचा जन्मदिवस मानतात. भारतात एएच्या सभा १९५७ पासून भरतात. ॲनॉनिमस म्हणजे अनाम. तिथं आडनाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, हजेरीपट नसतो, फी नसते. दारू सोडायची इच्छा पाहिजे, एवढी एकच अट.

पाहा, बिलला त्या दिवशी उपदेश करणारा नको होता. उपदेश करणारे त्यालाही घरी पुष्कळ होते. त्याला आपल्यासारखा पाहिजे होता. आपल्या भावाला झोपडीत जे पाहिजे होतं, तेच.

आणि हे नुसतं ऐकीव नाही. २०२० मध्ये संशोधकांनी २७ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांवर माणसांच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला. हे अभ्यास बहुतेक परदेशातले आहेत. त्यात दिसलं, की ज्यांना पद्धतशीरपणे एएच्या सभांशी जोडून दिलं, त्यांच्यात दारूपासून पूर्ण दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर समुपदेशन घेतलेल्यांपेक्षा जास्त होतं. "जोडून दिलं" हा शब्द ध्यानात ठेवा. "जा तिकडं" म्हणणं वेगळं, आणि सोबत जाऊन दारापर्यंत पोचवणं वेगळं.

मात्र एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात जिवाला धोका आहे. जो माणूस कित्येक वर्षं रोज पितो, सकाळी उठल्याबरोबर पितो, त्यानं एकदम बंद केलं तर शरीर बिघडते. पहिल्या दिवशी कापरं भरते, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप लागत नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दोन-तीन दिवसांनी भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो. ह्याला भूतबाधा समजून अंगारा लावत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या. ह्यात माणूस मरू शकतो. म्हणून असा पिणारा असेल तर आधी डॉक्टर, मग सभा. सभा हे औषध नाही. औषधानं शरीर सावरल्यावर माणसाला सावरून धरायसाठी सभा आहे.

दुसरी गोष्ट. भाजीत, चहात लपवून दारू सोडवायची गोळी किंवा पुडी देऊ नका. आमच्यातल्या दोघींनी हे केलेलं आहे. अशा काही औषधांवर माणूस दारू प्यायला, की छाती धडधडते, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीत आणि घेणाऱ्याला माहीत असतानाच घ्यायचं असते.

आता शोधायला निघालो तेव्हा काय झालं, ते सांगतो.

पहिली सभा मोठ्या शहरातली. चांगली सभा होती. पंधरा-वीस माणसं, कोणी खाणीतला कामगार, कोणी शिक्षक, कोणी ड्रायव्हर. आमचा भाऊ दोनदा गेला आणि त्याला आवडलं. पण सभा संध्याकाळी सात वाजता. संपून चहा होईपर्यंत आमच्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली. दुसऱ्या वेळी तो रात्रभर बसस्टँडवर झोपला, आणि स्टँडच्या समोरच दारूचं दुकान. सकाळी घरी आला तेव्हा बायकोला म्हणाला, "रातभर त्या पाटीकडे पाठ करून बसलो होतो." प्यायला नाही, पण परत गेलाही नाही. जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी, दोन्ही जात होतं. सभा चांगली होती, पण त्याच्यासाठी सोयीची नव्हती.

दुसरी जागा जवळ होती. तिथं एकच माणूस दोन तास बोलला. देवाची शपथ घ्यायला लावली, पुढच्या वेळी पैसे घेऊन या म्हणाला, आणि डॉक्टरच्या गोळ्या फेकून द्या म्हणाला. आमचा भाऊ गोळ्या फेकायला निघाला होता. बायकोनं हात धरला म्हणून बरं झालं.

तिसरी जागा तालुक्याच्या ठिकाणी सापडली. बाजाराच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पाच-सहा जण बसत. बाजाराला तर घरातून कोणी ना कोणी जातेच, एसटीही भरपूर असते, आणि "कुठं चाललास" असं कोणी विचारत नाही. पिशवी घेऊन गेला की बाजारालाच चालला असं गावाला वाटते. ती सभा त्याला जमली.

ह्या फिरण्यातून सभा कशी पारखायची, हे आम्ही शिकलो. पाच गोष्टी सांगतो, बैठकीत लिहून ठेवा.

पहिली, वेळ आणि वाट. जाऊन परत येता येते का? रोवणीत जमेल का, तेंदूच्या हंगामात जमेल का? मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जावं लागते, तेव्हा काय? जी सभा वर्षातले आठ महिने जमते ती धरा, आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी एखाद्या जुन्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेवा.

दुसरी, भाषा. आपल्या भागात घरात गोंडी बोलणारे आहेत, माडिया बोलणारे आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू आहे. माणूस हिशेब मराठीत करेल, पण दुःख घरच्या भाषेत सांगतो. त्याच्या भाषेतला एक तरी माणूस तिथं आहे का, ते पाहा.

तिसरी, आपल्यासारखे लोक. ह्यावर एक प्रसंग सांगतो. सभेत एका गोंड भावानं विचारलं, की आमच्याकडे पेनापुढं, देवापुढं मोहाची धार द्यावी लागते, पाहुण्याला द्यावी लागते, मग मी नाही कसं म्हणू? समाजाबाहेरच्या माणसानं ह्यावर काय सांगावं? तो म्हणाला असता, सोडून द्या ते रिवाज. त्यानं तो भाऊ सभा सोडून गेला असता. पण तिथं त्याच्याच समाजातले एक म्हातारे होते. ते म्हणाले, "धार मी देतो. देवाचं देवाले. पण माझ्या ओठाले लावत नाही. पानाचा द्रोण पुढच्याच्या हाती देतो. सात वर्षं झाली, देव कोपला नाही." हे उत्तर त्यांच्याशिवाय कोण देऊ शकलं असतं?

चौथी, तोंड बंद ठेवणं. सभेतली गोष्ट पानठेल्यावर आली तर ती सभा संपली. लहान गावात हे सर्वांत कठीण आहे. म्हणून पुष्कळांना स्वतःच्या गावापेक्षा शेजारच्या गावची सभा बरी वाटते. त्यात वाईट वाटून घेऊ नका. आम्ही आजही त्या भावाचं नाव घेत नाही, ते ह्याच्यासाठी.

पाचवी, पैसा आणि जबरदस्ती. चहासाठी टोपली फिरते, त्यात पाच-दहा रुपये टाकले तर टाकले, नाही टाकले तर नाही. पण फी मागत असतील, गोळ्या बंद करायला सांगत असतील, शिव्या देत असतील, एकच माणूस गुरू होऊन बसला असेल, तर तिथून उठून यायचं. देवाचं नाव पुष्कळ सभांत घेतात. ज्याचा जसा देव तसा त्यानं मानावा, असं असते. नाही मानला तरी चालते. कोणी धर्म बदला म्हणत असेल, तर ती सभा नव्हे.

आणि एकाच वेळी जाऊन "मले नाही जमलं" म्हणू देऊ नका. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. तीन-चार वेळा बसून मग ठरवावं. सभा दोन प्रकारच्या असतात, हेही विचारून घ्या. खुल्या सभेला घरचे, मित्र, आपल्यासारख्या बाया, कोणीही बसू शकते. बंद सभेला फक्त दारूचा त्रास असलेले बसतात. पहिल्यांदा खुल्या सभेला सोबत जा. पुढं त्याला एकट्याला जाऊ द्या, आणि घरी आल्यावर "काय सांगितलं तिथं" असं खोदून विचारू नका.

आता पत्ता कुठून मिळतो? जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथल्या समुपदेशकाला विचारा. आशाताईंना विचारा. गडचिरोली जिल्ह्यात असाल तर तुमच्या तालुक्यातल्या मुक्तिपथच्या कार्यालयात जा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ मध्ये हे काम सुरू केलं. तालुक्याला व्यसनावरचं क्लिनिक असते. त्याचा वार कोणता, ते आधी विचारून घ्या. फोनवर विचारायचं तर नशामुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा नंबर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत. फोनवर आणि मोबाइलच्या पडद्यावरही आता सभा भरतात. जिथं नेटवर्क आहे तिथं ते चालते. पण भामरागड-एटापल्लीच्या कितीतरी गावांत टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

मग जिथं काहीच नाही तिथं काय करायचं? इथं आम्हाला एका गोष्टीनं फार धीर दिला. एएच्या रिवाजात दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं एकत्र बसली, की झाली सभा. इमारत लागत नाही, पाटी लागत नाही, उद्घाटनाला कोणी साहेब लागत नाही. आमच्या भावाला बाजाराच्या सभेत शेजारच्या गावचे एक काका भेटले, अकरा वर्षांपासून न पिणारे. रोवणीच्या दिवसांत बाजाराला जाणं होईना, तेव्हा दोघं मंगळवारी दुपारी समाजमंदिराच्या रिकाम्या खोलीत बसू लागले. आम्ही काय केलं? खोलीची किल्ली मिळवून दिली आणि चहापत्ती-साखर दिली. बस्स. आम्ही आत जात नाही, किती आले ते मोजत नाही, रजिस्टर ठेवत नाही. एकानं सुचवलं होतं की फोटो काढून पाठवू. आम्ही नाही म्हटलं.

आता तिथं चौघं बसतात. पाच होते, एक परत दारूकडे गेला. त्याचं ठिकाण रिकामं ठेवलं आहे, म्हणजे तो आला तर कोणी "आता कसा आलास" विचारत नाही. आमचा भाऊही दिवाळीनंतर एकदा प्यायला. पण ह्या वेळी झोपडीत लपला नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी सायकल काढून काकांच्या घरी गेला आणि अंगणात बसून सांगितलं. पहिल्या वेळी चार दिवस गेले होते, ह्या वेळी एक रात्र गेली. ह्याला यश म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. त्याची बायको म्हणते, तीन रात्री वाचल्या.

आता तिच्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल बोलू. त्या अमेरिकेतल्या सभा भरायच्या तेव्हा नवरे आत बसत आणि बाया बाहेर थांबत, चहापाणी करत. हळूहळू त्या आपसात बोलू लागल्या. बिलची बायको लोइस आणि तिच्या मैत्रिणीनं १९५१ मध्ये घरच्या लोकांसाठी वेगळी संघटना काढली, तिचं नाव अल-अनॉन. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथंही बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. म्हणजे हे दुखणं फक्त पिणाऱ्याचं नाही, हे सगळीकडे कळलेलं आहे.

आम्हीही आता महिन्यातून दोनदा, हप्ता गोळा झाल्यावर, अर्धा-पाऊण तास बसतो. ज्यांच्या घरी पिणारा आहे त्याच थांबतात, बाकीच्या घरी जातात. पहिल्या दिवशी कोणी बोललंच नाही. मग एक मावशी म्हणाली, "मी त्याच्या खिशातले पैसे मोजतो, तोंडाचा वास घेतो, वाटेवर पाहत राहतो. पंचवीस वर्षं झाली. माझं दुसरं कामच राहिलं नाही." त्यावर सगळ्या रडल्या आणि नंतर हसल्याही. तिथं आम्हाला कळलं, की त्याचं पिणं आपल्यामुळं सुरू झालं नाही, आणि आपण जागून, भांडून, देवाला नवस करून ते थांबणारही नाही. आपण त्याला रस्ता दाखवू शकतो. चालायचं त्यानंच. आणि तोवर आपलं जेवण, आपली झोप, लेकरांची शाळा आपल्या हातात आहे.

पण एक पक्कं ध्यानात घ्या. मार खाणं सहन करा, असं कोणतीही चांगली सभा सांगत नाही. मारहाण होत असेल तर आधी जीव वाचवा. १८१ महिलांसाठी आहे, ११२ वर पोलीस येतात. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आपल्यासाठी आहे. तो सभेला जातो म्हणून मारणं माफ होत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी आपण कोणी बोलत नाही. आपल्यातल्याही काही बाया पितात. कोणी कष्टाच्या दुखण्यापायी सुरू केलं, कोणी मोह गाळता गाळता, कोणी नवऱ्यासोबत. आमच्यातल्या एकीनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज निघत नव्हता. पुरुष प्यायला तर बिचारा म्हणतात, बाई प्यायली तर काय म्हणतात ते इथं सांगायला नको. दहा पुरुषांच्या सभेत ती कशी बोलणार? तिला बाईच पाहिजे समोर. मुक्तांगणात बायांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, म्हणजे तिच्यासारख्या आणखी आहेत. आम्हाला तिच्यासाठी जवळ सभा सापडली नाही. एका समुपदेशक ताईंच्या ओळखीनं फोनवर एक बाई मिळाली, दुसऱ्या जिल्ह्यातली, नऊ वर्षांपासून न पिणारी. दर गुरुवारी दुपारी दोघी बोलतात. तेवढा वेळ आम्ही तिचं लेकरू सांभाळतो. दोन माणसं झाली, म्हणजे सभा झाली ना?

तर बायांनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. पहिलं, आपल्या तालुक्यात कुठं, कोणत्या वारी, किती वाजता लोक बसतात, ते शोधून एका कागदावर लिहा आणि परत यायच्या शेवटच्या एसटीची वेळही बाजूला लिहा. दुसरं, एक रिकामी खोली आणि तिची किल्ली कोणाकडे असते, ते पाहून ठेवा. तिसरं, गावात कोणी दारू सोडली तर त्याला शाल देऊ नका, त्याचं नाव माइकवर घेऊ नका. त्याच्या घरी जा आणि हळूच विचारा, "भाऊ, तुमच्यासंगं बसायला कोणी आहे का?"

नाही म्हणाला, तर तो कागद त्याच्या हाती द्या.